‘खाली’ : एक शब्दरूप, दोन अर्थ
(मराठी व दखनी-उर्दू यांच्या सीमेवरील एका लहान शब्दाचा भाषावैज्ञानिक विचार)

गोषवारा

मराठीतील ‘खाली’ म्हणजे वरच्या उलट, तळाच्या दिशेस. दखनी-उर्दूतील ‘खाली’ म्हणजे रिकामे. उच्चार जवळजवळ सारखा, देवनागरी लेखन अगदी सारखे. मात्र व्युत्पत्ती, व्याकरण आणि अर्थ या तिन्ही बाबतींत हे दोन शब्द एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे आहेत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. तेथील उस्मानपुरा परिसर दृष्टीसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या शब्दाचे मूळ, त्याच्या लेखनाचा इतिहास, गोंधळ उत्पन्न होण्याच्या अटी आणि व्यवहारातील परिणाम यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : समरूप शब्द, भाषासंपर्क, दखनी, अनुस्वार, शुद्धलेखन, द्वैभाषिकता.

प्रस्तावना

दोन भाषांत एकाच रूपाचा शब्द असावा आणि त्याचे अर्थ भिन्न असावेत, हा अनुभव जगातील बहुतेक भाषांना परिचित आहे. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा; त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा स्पॅनिश शब्द ‘ओन्से’ असा उच्चारला जातो व त्याचा अर्थ अकरा असा होतो. अशा शब्दांना उद्देशून केसलेर व देरोकिन्यी या दोन फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘खोटे मित्र’ अशा अर्थाची संज्ञा योजली आणि ती पुढे सर्वत्र रूढ झाली. ओळखीचा चेहरा दिसतो, पण माणूस दुसराच निघतो, असा या संज्ञेचा आशय आहे.

इंग्रजी व स्पॅनिश बोलणारे लोक सामान्यतः वेगवेगळ्या देशांत राहतात; त्यामुळे तेथील असे शब्द मुख्यतः भाषांतरकाराची व विद्यार्थ्याची अडचण ठरतात. मराठवाड्यातील स्थिती वेगळी आहे. येथे दोन भाषा एकाच गल्लीत, एकाच दुकानात, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी असतात. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी, १६५३ नंतरचे औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर हे शहर पुऱ्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. त्यांपैकी उस्मानपुरा हा क्रांती चौक व रेल्वे स्थानक यांच्या दरम्यानचा भाग. देवगिरी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, संत एकनाथ रंगमंदिर आणि गुरुद्वारा ही या परिसराची सहज ध्यानात राहणारी ठिकाणे होत. खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी आलेला मराठी विद्यार्थी येथे खोली शोधतो, तेव्हा त्याच्या कानी पडणारे एक वाक्य असे असू शकते : ‘खोली खाली आहे.’ खोली तळमजल्यावर आहे, की खोली रिकामी आहे? प्रस्तुत लेखाचा प्रारंभ या साध्या प्रश्नातून होतो.

दोन शब्दांची दोन कुळे

मराठी ‘खाली’ हा शब्द ‘खाल’ या मूळ अंगापासून सिद्ध झाला आहे. ‘खालून’, ‘खालचा’, ‘खालील’, ‘खालती’, ‘खालावणे’, ‘खालोखाल’, ‘खालमानेने’ ही सर्व रूपे याच अंगाची होत. ‘घर’पासून ‘घरी’, ‘दार’पासून ‘दारी’, त्याचप्रमाणे ‘खाल’पासून ‘खाली’. म्हणजे ‘खाली’तील शेवटचा ‘ई’ हा मूळ शब्दाचा भाग नसून सप्तमीचा प्रत्यय आहे. खालच्या जागी, तळाशी, हा त्याचा अक्षरशः अर्थ होय. ज्याला पंचमीचे ‘खालून’ व विशेषणाचे ‘खालचा’ अशी रूपे होतात, तो शब्द भाषेच्या अंगात पूर्ण मुरलेला आहे, यात शंका राहत नाही.

उर्दूतील ‘खाली’ मूळ अरबी आहे. अरबीतून तो फारसीत गेला व फारसीमार्फत भारतातील अनेक भाषांत पसरला. हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू या भाषांत थोड्याफार उच्चारभेदाने तो ‘रिकामे’ या अर्थी आढळतो. तमिळमध्येही तो ‘काली’ अशा उच्चाराने बोलला जातो. या शब्दातील शेवटचा ‘ई’ हा प्रत्यय नाही, तो शब्दाचाच अवयव आहे. म्हणून उर्दूत ‘खालून’ किंवा ‘खालचा’ यांसारखी रूपे संभवत नाहीत. संभवते ते ‘खालीपन’ हे भाववाचक नाम. ‘खालसा’ व ‘खलास’ हे मराठीत आलेले शब्दही अरबी मूळाचे आहेत, परंतु त्यांचा धातू निराळा आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून त्यांना ‘खाली’च्या कुळात बसविता येणार नाही.

हिंदुस्थानातील अनेक भाषांनी हा अरबी शब्द स्वीकारला, तेव्हा त्या ध्वनिरूपाची जागा तेथे मोकळी होती. मराठीत मात्र ती जागा आधीच भरलेली होती. शिवाय रिकामेपणा दाखविण्यासाठी मराठीजवळ स्वतःची शब्दसंपत्ती होती. भांडे रिकामे असते, मैदान मोकळे असते, जमीन पडीक असते, पद रिक्त असते, पोट उपाशी असते, गाव ओस पडते आणि भोपळा पोकळ असतो. उर्दूतील एकटा ‘खाली’ यांपैकी बहुतेक ठिकाणी चालतो. मराठीला त्याची निकड नव्हती. तरीही दीर्घकालीन सहवासामुळे तो काही ठराविक जागी शिरलाच.

सहवासाची पार्श्वभूमी

मराठी व फारसी-उर्दू यांचा संबंध शतकानुशतकांचा आहे. राज्यकारभारातील फारसी शब्दांचे प्रमाण एवढे वाढले होते की, छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध करून त्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे माधवराव पटवर्धन (माधव जूलियन) यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. औरंगाबाद हे तर या संपर्काचे केंद्रच होते. वली व सिराज हे दोन मोठे उर्दू कवी या शहराच्या नावाशी जोडलेले आहेत. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्य मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे येथूनच चालले आणि याच मौलवींनी मराठीवरील फारसीच्या प्रभावावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हैदराबाद संस्थानात १८८०च्या दशकापासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामी राजवट संपुष्टात आली. तोपर्यंत मराठवाड्यातील महसूल, न्याय व शिक्षण यांचा व्यवहार प्रामुख्याने उर्दूतून होत असे.

देवघेव एकतर्फी नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दखनीने मराठीतील ‘नको’ घेऊन त्याचे ‘नक्को’ केले. निश्चयार्थी ‘च’ घेऊन तो आपल्या शब्दांना जोडला. ज्या रंगमंदिराला संत एकनाथांचे नाव आहे, त्या पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचून दोन भाषांच्या व दोन श्रद्धांच्या माणसांना समोरासमोर बोलते केले. मात्र मराठीतील ‘नको’ इतक्या सहजतेने स्वीकारणाऱ्या दखनीने मराठी ‘खाली’ घेतला नाही. तळाच्या अर्थी तिने ‘नीचे’ हाच शब्द ठेवला. ‘नको’च्या रूपाचा दुसरा शब्द दखनीत नव्हता, ‘खाली’च्या रूपाचा मात्र होता, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगता येते.

याउलट, तळाचा अर्थ दाखविणारा फारसी शब्द मराठीत आला आहे. तो शब्द म्हणजे ‘जेर’. उर्दू लिपीत अक्षराच्या खाली दिल्या जाणाऱ्या स्वरचिन्हासही ‘जेर’ म्हणतात. मराठीने तो घेतला खरा, पण दिशेच्या अर्थाने नव्हे. शत्रूला ‘जेर’ करणे, माणूस ‘जेरीस’ येणे, असा पराभवाचा व हैराण होण्याचा अर्थ त्याला मिळाला. दिशेचे काम मराठी ‘खाली’कडेच राहिले. घरातील जागा भरलेली असेल तर आलेल्या पाहुण्याला दुसरी खोली द्यावी लागते, तसाच हा प्रकार झाला.

लेखनात हरवलेला भेद

आज देवनागरीत दोन्ही शब्द ‘खाली’ असेच लिहिले जातात. पूर्वी तसे नव्हते. जुन्या मराठी लेखनात सप्तमीच्या ‘ई’वर अनुस्वार देण्याची रीत होती : ‘घरीं’, ‘दारीं’ आणि ‘खालीं’. अरबीतून आलेल्या ‘खाली’वर मात्र अनुस्वार नसे, कारण तेथे सप्तमीच नव्हती. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘खालीं’ व ‘खाली’ अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिली तळाच्या अर्थाची आणि दुसरी, अरबी मूळ दर्शवून, रिकाम्याच्या अर्थाची. एका टिंबाने दोन कुळे वेगळी राखली होती.

हा अनुस्वार उच्चारात पुष्कळ आधीच लुप्त झाला होता. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या व महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या शुद्धलेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून काढून टाकले. हा निर्णय लेखन सुलभ करणारा होता व त्याची योग्यता वादातीत आहे. तथापि त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, ‘खालीं’ व ‘खाली’ यांच्यातील लेखी भेद नाहीसा झाला. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. उर्दूतून मराठीकडे कारभार वळत असलेल्या या प्रदेशात दोन शब्दांना वेगळे ठेवणारे चिन्ह त्याच सुमारास गळून पडले.

उर्दू लिपीत हा प्रश्न उद्‌भवत नाही. अरबी ‘खाली’ त्या लिपीत ‘खे’ या अक्षराने लिहिला जातो. मराठी ‘खाली’ त्याच लिपीत लिहावयाचा झाल्यास ‘काफ’ला महाप्राणाची ‘हे’ जोडून लिहावा लागतो. उच्चारही वेगळा आहे. ‘खे’चा उच्चार घशातून घासत बाहेर पडतो, मराठी ‘ख’ हा ‘क’चा महाप्राण असून त्यात घर्षण नाही. दखनी बोलणारे हे घर्षण काळजीपूर्वक राखतात. किंबहुना अरबी ‘काफ’चा कंठ्य उच्चारही ते ‘खे’सारखाच करतात, म्हणून त्यांच्या तोंडी काजीचा ‘खाजी’ होतो. मराठी कानाला मात्र दोन्ही ‘ख’ एकच वाटतात, आणि अक्षराखाली टिंब देऊन ही अक्षरे वेगळी दाखविण्याची हिंदीतील पद्धत मराठीने स्वीकारलेली नाही. परिणामी दखनी भाषकाला जो भेद स्पष्ट ऐकू येतो, तो मराठी भाषकाच्या ध्यानात येत नाही. गैरसमज झाला तर बोलणाऱ्याला त्याचे कारणच उमगत नाही, कारण त्याच्या मते त्याने दोन वेगळ्या ध्वनींपैकी एकच ध्वनी स्वच्छ उच्चारलेला असतो.

गोंधळ केव्हा होतो?

समरूप शब्दांमुळे भाषेत संघर्ष निर्माण होतो व त्यांपैकी एक शब्द मागे पडतो, हा विचार फ्रेंच भाषाभूगोलतज्ज्ञ झूल झिलियेरों यांनी मांडला. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण नैर्ऋत्य फ्रान्समधील गास्कोनीचे आहे. तेथील ध्वनिपरिवर्तनामुळे कोंबडा व मांजर या दोन्ही प्राण्यांची नावे ‘गात’ अशी एकरूप होण्याची वेळ आली. शेतकऱ्याच्या घरात कोंबडा मांजराने नेला, हे सांगताना दोघांना एकच नाव असून चालणार नव्हते. त्यामुळे लोकांनी कोंबड्यासाठी दुसरेच शब्द योजले. कोठे तितर-मोरांच्या कुळातील एका पक्ष्याचे नाव, तर कोठे धर्मोपदेशकाच्या साहाय्यकाची पदवी त्याला बहाल केली.

मग मराठवाड्यात दोन ‘खाली’ एकत्र कसे नांदले? याचे उत्तर व्याकरणात सापडते. कोंबडा व मांजर दोन्ही नामे आहेत आणि वाक्यात एकमेकांच्या जागी येऊ शकतात. मराठी ‘खाली’ हे क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी अव्यय आहे; उर्दू ‘खाली’ हे विशेषण आहे. ‘झाडाखाली’ म्हटल्यावर रिकामेपणाची शंका येत नाही आणि ‘खाली डबा’ म्हटल्यावर दिशेची शंका येत नाही. बहुतेक वाक्यांत शब्दाचे स्थानच अर्थ ठरवून टाकते.

गोंधळासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, शब्द विधेयाच्या जागी, म्हणजे ‘आहे’च्या लगतपूर्वी यावा. दुसरी, ज्याविषयी बोलावयाचे ती वस्तू जागा व्यापणारी आणि भरता-रिकामी करता येणारी, अशी दोन्ही प्रकारची असावी : खोली, गाडी, खाट, कपाट, सिलिंडर, पिशवी. तिसरी, ऐकणाऱ्याला बोलणारा कोणत्या भाषेच्या सवयीने बोलत आहे, याचा अंदाज नसावा. ‘गाडी खाली आहे’ या वाक्यात पहिल्या दोन अटी पूर्ण होतात. ‘मांजर खाली आहे’ या वाक्यात दुसरी अट पूर्ण होत नाही, कारण मांजर रिकामे असत नाही. उस्मानपुऱ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या, भाडेकरूंच्या आणि रिक्षांच्या वस्तीत तिन्ही अटी वरचेवर जुळून येतात, म्हणून हा शब्द तेथे विशेष जाणवतो.

क्रियापदांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म प्रकार आढळतो. मोंढ्यात पोती उतरविताना ‘माल खाली केला’ असेही म्हटले जाते आणि ‘गाडी खाली केली’ असेही. पहिल्या वाक्यात माल वरून तळाशी आला, दुसऱ्यात गाडी रिकामी झाली. प्रत्यक्षात कृती एकच आहे : हमालाने पोते पाठीवर घेऊन जमिनीवर ठेवले. तळाशी आणणे व रिकामे करणे या दोन कल्पना ओझे उतरविण्याच्या कामात एकत्र येतात. परकीय ‘खाली’ला मराठी वाक्यात जागा मिळण्यास अशा व्यवहाराने मदत केली असणे संभवनीय आहे. ‘जागा खाली करणे’, ‘घर खाली करणे’ हे प्रयोग आज मराठीतही परके वाटत नाहीत.

संगीतात हा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून स्थिरावला आहे. तालात ‘टाळी’ व ‘खाली’ असे विभाग असतात. तीनतालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर खाली येते व लेखनात ती शून्याने दाखवितात. तेथे हात टाळी न देता बाजूला नेला जातो. टाळीवाचून गेलेली, रिकामी जागा म्हणून ती ‘खाली’. मराठी विद्यार्थी हात तळाकडे नेण्याची क्रिया असे समजून हा शब्द शिकला, तरी ताल चुकत नाही; मात्र संज्ञेतील शून्याचे चिन्ह का आले, ते त्याला कळत नाही.

उलटा अर्थ : कागदपत्रांतील प्रश्न

दैनंदिन बोलण्यातील गोंधळ एका प्रतिप्रश्नाने मिटतो. लेखी व्यवहारात तशी सोय नसते. शासकीय मराठीत ‘खाली’ हे अव्यय अतिशय वापरले जाते : ‘अध्यक्षतेखाली’, ‘मार्गदर्शनाखाली’, ‘नियंत्रणाखाली’, ‘कलमाखाली’. उर्दूत ‘खाली’पूर्वी ‘से’ हा प्रत्यय येऊन अभावाचा अर्थ होतो. एखादे बोलणे ‘हिकमत से खाली’ असणे म्हणजे त्यात शहाणपण नसणे. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी जर ‘मार्गदर्शनाखाली’ या शब्दाची फोड आपल्या सवयीने करील, तर त्याला ‘मार्गदर्शनाविना’ असा नेमका उलटा अर्थ लागण्याचा धोका आहे. वास्तविक त्याच्या भाषेत या रचनेला तंतोतंत जुळणारी रचना आहे. ‘अध्यक्षतेखाली’ला उर्दूत ‘जेर-ए-सदारत’ आणि ‘देखरेखीखाली’ला ‘जेर-ए-निगरानी’ म्हणतात. शिक्षकाने ‘मराठी खाली म्हणजे उर्दू जेर’ एवढे एक सूत्र सांगितले, तरी डझनभर शब्दांचा उलगडा एकदम होतो.

सर्वांत लक्षणीय विरोध जमिनीच्या बाबतीत दिसतो. मराठीत ‘लागवडीखालील जमीन’, ‘पिकाखालील क्षेत्र’ म्हणजे कसली जाणारी जमीन. उर्दूत ‘खाली जमीन’ म्हणजे जिच्यावर काही नाही अशी जमीन. एकच शब्दरूप एका भाषेत पीक उभे असल्याचे सांगते, तर दुसऱ्या भाषेत काहीच उभे नसल्याचे. उर्दू दस्तऐवजात लागवडीखालील जमिनीस ‘जेर-ए-काश्त’ म्हटले जाते, त्यामुळे मूळ उर्दू वाचणाऱ्यास अडचण नाही. अडचण येते ती लिप्यंतरात. उर्दूतील ‘खाली’ हा शब्द भाषांतर न करता तसाच देवनागरीत उतरविला, तर पुढील वाचक तो मराठी समजून वाचतो. ‘पडीक’ किंवा ‘मोकळी’ असे भाषांतर आवश्यक असताना केवळ अक्षरे बदलली जातात आणि शब्द ओळखीचा दिसत असल्याने कोणालाही शंका येत नाही. अनोळखी शब्दापाशी भाषांतरकार थांबतो व कोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबत नाही, हाच समरूप शब्दांचा खरा धोका आहे.

हा विचार केवळ तात्त्विक नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती स्थापन झाली, तेव्हा मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू कागदपत्रे व ती वाचू शकणारे जाणकार यांचे महत्त्व पुन्हा एकदा सर्वांच्या लक्षात आले. वारसा, मालकी व जात यांविषयीचे हक्क ज्या कागदांवर अवलंबून आहेत, त्यांच्या भाषांतरात एका लहान शब्दाचेही मोल मोठे असते. ‘खाली कागदावर सही’ या तीन अक्षरगटांत स्वल्पविरामाची जागा बदलली तर सही तळाशी करावयाची की कोऱ्या कागदावर, हेही बदलते. आणि कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याची स्थिती काय होते, हे कर्जदार शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आरोग्यसेवेतही अशीच सावधगिरी इष्ट आहे. ‘खाट खाली आहे’ हे वाक्य रुग्णाच्या नातेवाइकाला जिना उतरावयास लावू शकते. औषध ‘खाली पेट’ घ्यावे, ही सूचना मराठीत ‘उपाशीपोटी’ अशीच दिली पाहिजे. ‘पोटाखाली’ या शब्दाशी तिचा संबंध जुळू देता कामा नये.

इतर समरूप शब्दांशी तुलना

मराठी व हिंदी-उर्दू यांच्यातील असे सर्व शब्द एकाच जातीचे नाहीत. ‘शिक्षा’ हा शब्द दोन्हीकडे संस्कृतातूनच आला. हिंदीत त्याचा शिकण्याचा अर्थ टिकला, मराठीत शासनाचा अर्थ उरला. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘सर्व शिक्षा अभियान’ या योजनेचे नाव मराठी कानाला काहीसे खटकले, ते यामुळेच. ‘राग’ व ‘चेष्टा’ यांची गोष्ट अशीच आहे. ‘असामी’ हा शब्द दोन्ही भाषांनी बाहेरून घेतला. मराठीत तो व्यक्तीचा वाचक झाला, तर उर्दू जाहिरातींत नोकरीतील पदाचा, म्हणून तेथे ‘असामी खाली’ असते, म्हणजे पद रिक्त असते. या सर्व शब्दांचे मूळ एक असून वाटा वेगळ्या झाल्या आहेत.

‘खाली’ची जात वेगळी आहे. येथे मुळे दोन असून रूप योगायोगाने एक झाले. मराठीतच याचे दुसरे सुंदर उदाहरण ‘पाव’ हे आहे. चौथा हिस्सा या अर्थाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासून आला, तर खाण्याचा ‘पाव’ पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आला. ‘पाव किलो पाव’ म्हणताना कोणीही अडखळत नाही, कारण एक शब्द मापाच्या जागी व दुसरा वस्तूच्या जागी येतो. स्थान निश्चित असेल तर समरूपता सुसह्य होते, हा ‘खाली’वरून निघालेला नियम ‘पाव’लाही लागू पडतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मराठी ‘खाली’ हे ‘खाल’ या अंगाचे सप्तम्यन्त रूप असून उर्दू ‘खाली’ हे अरबी विशेषण आहे. त्यांचे साम्य योगायोगाचे आहे.

२) दोहोंतील भेद उर्दू लिपीत व जुन्या मराठी लेखनात दिसत असे. १९६२ च्या नियमांनंतर मराठी लेखनात तो दिसेनासा झाला.

३) गोंधळ सर्वत्र होत नाही, विधेयाचे स्थान, भरता येणारी वस्तू आणि भाषेविषयीची अनिश्चितता या तीन अटी जुळल्यावरच तो होतो.

४) बोलण्यापेक्षा लिप्यंतरात व दस्तऐवजांच्या भाषांतरात त्याचे परिणाम अधिक गंभीर ठरू शकतात.

यावरील उपाय म्हणून गेलेला अनुस्वार परत आणण्याची आवश्यकता नाही. मराठीच्या भांडारात ‘रिकामा’, ‘मोकळा’, ‘पडीक’, ‘रिक्त’, ‘कोरा’ व ‘उपाशीपोटी’ असे नेमके शब्द आहेत. औपचारिक लेखनात त्यांचा कटाक्षाने वापर करावा. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना मराठी शिकविताना ‘खाली’ व ‘जेर’ यांची जोडी दाखवावी, आणि मराठी विद्यार्थ्यांना उर्दू ‘खे’चा उच्चार एकदा तरी लक्षपूर्वक ऐकवावा. या प्रदेशातील महाविद्यालयांच्या वर्गांत दोन्ही भाषांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. अशा वर्गाला समरूप शब्दांची यादी पुस्तकातून द्यावी लागत नाही, ती विद्यार्थ्यांनाच करावयास सांगता येते.

उस्मानपुऱ्यात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याने ‘खोली खाली आहे’ हे ऐकून ‘खाली म्हणजे तळमजल्यावर का?’ असे विचारले, तर त्यात त्याचे अज्ञान नसून भाषेची जाण आहे. घरमालक ‘नाही, वरच्या मजल्यावर आहे, पण खाली आहे’ असे उत्तर देईल, आणि वरची खोली खाली असू शकते, हे त्या दोघांनाही पुरते समजलेले असेल.